सुट्या तेलामुळे फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या बिघडू शकतात का?

कृष्णाकाठ (पलूस तालुका)

नमस्कार. माझ्या थोरल्या जाऊबाई एकेचाळीस वर्षांच्या आहेत. यंदा गौरी-गणपतीपासून त्यांना दम लागू लागला. सुरुवातीला धुण्याची बादली गच्चीवर नेताना त्या मधल्या पायरीवर थांबत असत. आता स्वयंपाकघरातून माजघरात येईपर्यंतच त्यांना दाराच्या चौकटीला हात टेकावा लागतो. संध्याकाळी पाय सुजतात आणि जोडवी काढली की बोटांवर खोल वळ राहतो. मिरजेला टूडी इको केला, तेव्हा फुप्फुसाकडे जाणाऱ्या रोहिणीतला दाब ५८ निघाला आणि हा पल्मनरी हायपरटेन्शन नावाचा विकार असल्याचे सांगण्यात आले. लघवी साफ होण्याच्या गोळ्या सुरू झाल्या आहेत आणि पुढच्या तपासणीसाठी पंधरा दिवसांनी बोलावले आहे.

आता मुख्य प्रश्नाकडे येते. बेंदराच्या आधी मोटारसायकलवरून गावोगाव फिरणाऱ्या एका माणसाकडून आम्ही तेलाचे दोन डबे घेतले होते. डब्यांवर कसलीही चिठ्ठी नव्हती. तो करडईचे तेल म्हणून विकत होता आणि दर दुकानापेक्षा बराच कमी होता. एक डबा संपला, दुसरा निम्मा शिल्लक आहे. पुतण्याने परवा मोबाइलवर एक मजकूर दाखवला. स्पेनमध्ये भेसळीच्या तेलाने हजारो लोकांच्या फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या खराब झाल्या, असे त्यात लिहिले होते. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही.

असे खरोखर होऊ शकते का? घरातली आम्ही सातही माणसे तेच तेल खात होतो आणि बाकीच्या सहा जणांना काहीही झालेले नाही, एवढ्यावरून ते तेल निर्दोष मानता येईल का? सासूबाईंचे म्हणणे असे की पैसे काही झाडाला लागत नाहीत, उरलेले तेल निदान तळणाला तरी वापरावे. मी सध्या डबा कोठीत झाकून ठेवला आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

श्वासमार्ग (कराड)

ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे. मात्र ते वाचून लगेच घाबरू नका, कारण त्याच्या पाठोपाठ बऱ्याच अटी येतात. मी छातीच्या विकारांचा डॉक्टर आहे. रुग्ण न पाहता निदान करता येत नाही, म्हणून येथे फक्त विषय समजावून सांगतो.

स्पेनची हकिगत खरी आहे. १ मे १९८१ रोजी माद्रिदजवळच्या तोर्रेहोन दे आर्दोस या गावात आठ वर्षांचा एक मुलगा श्वास कोंडून दगावला आणि त्याच्या घरातली आणखीही माणसे आजारी निघाली. पुढचे काही आठवडे हा न्यूमोनियाचाच वेगळा प्रकार आहे असे समजून प्रतिजैविके देण्यात आली आणि त्यांचा काडीचाही उपयोग झाला नाही. शेवटी मुलांच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी जंतू शोधणे बाजूला ठेवून, घरी काय खाता आणि स्वयंपाकाला तेल कुठले वापरता, असे विचारायला सुरुवात केली. त्यातून माग लागला आणि १० जून रोजी तेथल्या सरकारने दूरचित्रवाणीवरून लोकांना सावध केले. दोषी ठरलेले तेल पाच लिटरच्या, नाव-पत्ता नसलेल्या प्लास्टिकच्या कॅनमधून दारोदार आणि आठवडी बाजारात विकले जात होते. तुमचा मोटारसायकलवाला वाचताना मला तेच आठवले, हे कबूल करतो.

ते तेल मोहरीच्याच कुळातल्या रेपसीडचे होते. फ्रान्समधून ते कारखान्यांच्या वापरासाठी आणले जात असे आणि कुणी खाण्यासाठी वापरू नये म्हणून त्यात सुमारे दोन टक्के ॲनिलीन हे रसायन मुद्दाम मिसळलेले असे. काही व्यापाऱ्यांनी ते तेल शुद्धीकरण करून, म्हणजे तापवून आणि ऊर्ध्वपातन करून, ॲनिलीन काढून टाकण्याचा घाट घातला आणि खाण्याच्या तेलात मिसळून विकले. या खटाटोपात ॲनिलीन आणि तेलातली मेदाम्ले यांची आपसांत संयुगे बनली. आजार याच संयुगांशी जोडला जातो, परंतु नेमका कोणता रेणू अपराधी होता हे पुढे वर्षानुवर्षे संशोधन होऊनही निर्विवाद ठरलेले नाही, कारण प्रयोगशाळेतल्या प्राण्यांत तो आजार जसाच्या तसा कधी उभा करता आला नाही. सुमारे २०,००० लोक आजारी पडले आणि सुरुवातीच्या काळातच ३०० हून अधिक दगावले.

आता रक्तवाहिन्यांबद्दल. रक्तवाहिनीच्या आतून एक अतिशय पातळ अस्तर असते. ते गुळगुळीत राहते म्हणून रक्त अडखळत नाही, आणि वाहिनीने कधी सैल व्हायचे, कधी आवळायचे, हेही तेच ठरवते. त्या तेलाने नेमके हे अस्तर जागोजाग दुखावले. पहिल्या काही आठवड्यांत ताप, खोकला, अंगावर पुरळ आणि फुप्फुसात पाणी असे दिसे. रक्तात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी भरमसाठ वाढत. पुढच्या दोन-चार महिन्यांत स्नायू असह्य दुखत, आणि नंतर काहींची कातडी चामड्यासारखी घट्ट होई. फुप्फुसातल्या बारीक रोहिण्यांचे अस्तर जाड होत गेले की आतली वाट चिंचोळी होते आणि हृदयाच्या उजव्या कप्प्याला तेच रक्त जास्त जोर लावून ढकलावे लागते. यालाच पल्मनरी हायपरटेन्शन म्हणतात. स्पेनमध्ये सुरुवातीच्या काळात सुमारे पाचातल्या एका रुग्णात हा दाब वाढलेला आढळला. बहुतेकांचा तो पुढे उतरला, थोड्यांचा मात्र वाढतच गेला आणि त्यांत तरुण स्त्रिया अधिक होत्या. या आजाराची कारणे जगभरातले तज्ज्ञ ज्या यादीत मांडतात, तिच्यात निश्चित कारण म्हणून ते विषारी रेपसीड तेल आजही नोंदलेले आहे.

तुमचा दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. सहा जण ठणठणीत आहेत म्हणून तेल सुटले, असे म्हणता येत नाही. स्पेनमध्येही एकाच कॅनमधले खाऊन घरातले काही आजारी पडले आणि काही सहीसलामत राहिले. परंतु तुमच्या जाऊबाईंना ना ताप आला, ना पुरळ उठले, ना स्नायू दुखले असे दिसते, आणि थेट दमच लागू लागला. विषबाधेची चाल सहसा अशी नसते. रक्ताच्या तपासणीत इओसिनोफिलचा आकडा किती आला, तेवढे पाहून सांगा.

आणखी एक गोष्ट. ५८ हा आकडा इकोवरून काढलेला अंदाज असतो आणि तो हृदय आकुंचन पावतानाचा वरचा दाब असतो. या विकाराची व्याख्या सरासरी दाबावर बेतलेली आहे. तो निरोगी माणसात साधारण १४ असतो आणि २० च्या वर गेला की विकार मानतात. तो खात्रीने मोजायचा तर शिरेतून नळी घालून हृदयाच्या उजव्या बाजूला न्यावी लागते. आणि मुळात दाब का वाढला, हे त्या एका आकड्यावरून कळतच नाही. आपल्या भागात हा दाब वाढण्याची कारणे बहुतेक वेळा अगदी नेहमीची असतात. लहानपणी संधिवाताचा ताप येऊन गेल्यावर हृदयाची झडप आखडणे, वर्षानुवर्षे चुलीचा धूर घेतल्याने फुप्फुसे निकामी होत जाणे, पायातली रक्ताची गाठ फुप्फुसात जाऊन अडकणे, थायरॉइडचे आणि यकृताचे विकार, ही नावे आधी येतात. वजन कमी करण्याची औषधेही विचारावी लागतात, कारण १९६० च्या दशकात स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि जर्मनीत भूक मारणाऱ्या अमिनोरेक्स या गोळ्यांमुळे याच विकाराची साथ आली होती. जाऊबाई काही चूर्ण, काढा, बारीक होण्याची पूड घेतात का, हे त्यांना एकांतात विचारा, कारण चारचौघांत बायका ते सांगत नाहीत. इकोचा संपूर्ण अहवाल हाती असेल तर दाबाखेरीज त्यात काय लिहिले आहे तेही येथे लिहावे.

तेलपारखी (सांगली)

डॉक्टरसाहेबांनी स्पेनचे सांगितले. आपल्या देशातले उदाहरण मी सांगतो, कारण तेलगिरणीच्या प्रयोगशाळेत माझी तीस वर्षे गेली आणि या एका भेसळीची धास्ती आम्हाला कायम असे.

कृष्णेच्या मळीत, रेल्वेच्या भरावावर, पडीक रानात पिवळ्या फुलांचे एक काटेरी झुडूप तुम्ही सर्वांनी पाहिले असेल. पाने निळसर हिरवी, त्यांच्यावर पांढऱ्या शिरा, आणि देठ मोडला की हळदीसारखा पिवळा चीक येतो. हा पिवळा धोतरा. मूळचा तो मेक्सिकोकडचा, आता इथलाच होऊन बसला आहे. त्याचे काटेरी बोंड वाळून फुटले की आतून मोहरीएवढे काळपट दाणे निघतात. तळहातावर मोहरी आणि हे दाणे शेजारी ठेवले तर नजर फसते. भिंगाखाली मात्र मोहरी गुळगुळीत दिसते आणि धोतऱ्याचा दाणा खरबरीत, जाळी काढल्यासारखा. नखाने चिरडला तर मोहरी आतून पिवळी निघते आणि धोतरा पांढरा.

या दाण्यांच्या तेलात सँग्विनरीन नावाचे विषारी द्रव्य असते. ते मोहरीच्या तेलात गेले की होणाऱ्या रोगाला साथीचा जलोदर म्हणतात, पण हे नाव दिशाभूल करणारे आहे, कारण पाणी पोटापेक्षा पायांत आधी दिसते. कलकत्त्यात १८७७ मध्ये त्याची पहिली नोंद झाली. पुढे कित्येक वर्षे डॉक्टर त्याचा दोष तांदळाला आणि जंतूंना देत राहिले. सर्वांत मोठी साथ दिल्लीत १९९८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आली. त्यात सुमारे ३,००० लोक आजारी पडले आणि साठहून अधिक दगावले. त्यानंतर त्याच वर्षी खाद्यतेल पॅकबंद करूनच विकावे असा आदेश केंद्र सरकारने काढला. म्हणजे बिनचिठ्ठीचे डबे दारात येऊन विकणे हाच मुळात गुन्हा आहे. तेल शुद्ध आहे की नाही, हा प्रश्न त्याच्या पुढचा.

हे विष केशवाहिन्या सैल करते आणि त्यांतून रक्तातले पाणी बाहेर झिरपू लागते. आधी जुलाब, मग दोन्ही पायांना सूज, आणि सुजलेली कातडी लालसर व कढत लागते. फुप्फुसात पाणी साचून दम लागतो, हृदय थकते, काहींच्या डोळ्यांतला दाब वाढून दृष्टी जाते. फुप्फुसाच्या रोहिणीतला दाब वाढल्याच्याही नोंदी आहेत. उतारा असा नाही. तेल बंद करणे हाच पहिला उपचार.

तुमच्या बाबतीत दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. धोतऱ्याची भेसळ मुख्यतः मोहरीच्या तेलात होते आणि आपल्याकडे स्वयंपाक शेंगदाणा, करडई, सोयाबीन किंवा सूर्यफुलाच्या तेलात होतो. आपल्या घरात मोहरी असते ती फोडणीच्या डब्यात आणि लोणच्याच्या डाळीत. करडईच्या नावाखाली स्वस्त विकलेल्या डब्यात बहुधा पाम किंवा सरकीचे तेल असते. ती फसवणूक झाली, पण विषबाधा नव्हे. शेंगदाण्याच्या बाबतीत लोक बुरशीच्या अफ्लाटॉक्सिनचे नाव घेतात, तर त्याचा मार यकृतावर असतो, फुप्फुसाच्या वाहिन्यांवर नव्हे. सगळी विषे एकाच टोपलीत टाकू नयेत. अर्थात फिरत्या माणसाने नेमके काय विकले, हे तपासल्याशिवाय मीही सांगू शकणार नाही.

तपासायचे कसे? नायट्रिक आम्ल घालून तेल तांबूस होते का हे पाहण्याची चाचणी अनेक ठिकाणी लिहिलेली सापडेल, परंतु कृपा करून ती घरी करू नका. त्या आम्लाचा एक थेंब माझ्या अंगठ्यावर पडला होता, त्याचा पिवळा डाग तीन आठवडे गेला नाही. शिवाय भेसळ अगदी थोडी असेल तर ती त्या चाचणीत दिसतही नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतली वर्णलेखन पद्धत लागते. अन्न सुरक्षा कायदा, २००६ च्या कलम ४० नुसार कोणाही ग्राहकाला शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून पदार्थ तपासून घेता येतो आणि दोष सिद्ध झाला तर शुल्क परत मिळते. त्या कलमानुसार खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला तशी कल्पना द्यावी लागते, आणि तुमचा विक्रेता तर आता कोठे असेल कोण जाणे. म्हणून जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात जाऊन सविस्तर लेखी तक्रार करावी आणि डबा दाखवावा. तोवर डबा हलवून, म्हणजे तळाचा गाळही वर येईल असा, त्यातले थोडे तेल कोरड्या काचेच्या बाटलीत भरा, बूच लाखेने बंद करा, तारीख लिहा आणि अंधारात ठेवा. उरलेले तेल तळणाला वापरू नये, कारण तळल्याने असली विषे जातात यावर विसंबता येत नाही. गुरांच्या पेंडीवरही ओतू नये. सासूबाईंना माझा नमस्कार सांगून हे वाचून दाखवावे.

घाणाप्रेमी (इस्लामपूर)

एवढ्या चर्चेची आवश्यकता वाटत नाही. लाकडी घाण्याचे तेल घ्यावे, प्रश्नच मिटतो. आमच्या आजोबांच्या काळी कोणाला असले आजार होते?

तेलपारखी (सांगली)

दादा, घाण्याच्या तेलाला चव आहे आणि मीही तेच खातो. पण घाणा लाकडाचा आहे की लोखंडाचा, याचा धोतऱ्याच्या दाण्याशी काही संबंध नाही. बी निवडून, चाळून घातले नसेल तर लाकडी घाण्यातूनही विष तितकेच निघते. कलकत्त्याची १८७७ ची साथ आजोबांच्याही आजोबांच्या काळातली आहे.

माणदेश (दहिवडी)

या निमित्ताने एक शंका विचारतो. आमच्याकडे माळावर खुळखुळा पुष्कळ उगवतो. शेंग वाळली की आत बिया वाजतात, लहानपणी आम्ही त्याच शेंगांशी खेळत असू. बागायतीकडचे लोक ऊस लावण्यापूर्वी ताग पेरून फुलोऱ्यात गाडतात, तोही याच जातीचा असल्याचे ऐकतो. फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांवरील संशोधनात खुळखुळ्याचे विष वापरतात, असे कृषी महाविद्यालयात शिकणारा माझा मुलगा सांगतो. मग अशा बिया बाजरीत किंवा ज्वारीत आल्या तर माणसाला अपाय होतो का?

श्वासमार्ग (कराड)

मुलाने बरोबर सांगितले आहे आणि प्रश्न चांगला आहे.

खुळखुळा आणि ताग एकाच वंशातले. यातल्या अनेक जातींच्या बियांत पायरोलिझिडिन गटातली विषे असतात आणि त्यांपैकी मोनोक्रोटॅलीन हे संशोधकांना चांगलेच परिचयाचे आहे. हे विष एकदाच टोचलेल्या उंदराला त्या क्षणी काही होत नाही. तो खातो, पितो, हिंडतो. पण तीन-चार आठवड्यांत त्याच्या फुप्फुसाच्या रोहिण्या जाड होऊन दाब वाढतो. जगभर या आजारावरची नवी औषधे आधी अशाच उंदरांवर तपासली जातात. यातली मौजेची गोष्ट अशी की मूळ विष स्वतः फारसे घातक नसते. यकृत ते पचवायला जाते आणि पचवताना त्याचे दाहक रूप तयार होते. यकृतातून निघालेले रक्त हृदयातून थेट फुप्फुसात जात असल्यामुळे तेथल्या अस्तराला त्याचा तडाखा बसतो.

माणसात मात्र हा तडाखा प्रामुख्याने यकृतातच बसलेला दिसला आहे. तेव्हाच्या मध्य प्रदेशातल्या सरगुजा जिल्ह्यात १९७० च्या दशकात गोंदली या भरड धान्यात खुळखुळ्याच्या एका जातीच्या बिया मिसळल्या गेल्या. तेथे ६७ जण आजारी पडले आणि त्यांतले २८ दगावले. यकृतातल्या बारीक शिरा बंद होऊन त्यांची पोटे पाण्याने फुगली होती. त्याच दशकात अफगाणिस्तानात दुष्काळानंतर गव्हात दुसऱ्या एका तणाच्या बिया येऊन असाच रोग हजारो लोकांत पसरला. जनावरांत मात्र फुप्फुसेही जातात. ब्राझीलमध्ये तागाच्या बिया मिसळलेला खुराक खाऊन घोडे धापा टाकत मेल्याच्या नोंदी आहेत.

म्हणून ताग फुलोऱ्यातच गाडावा, त्याचे बी धरू देऊ नये आणि बियाण्यासाठी ठेवलेला ताग धान्याच्या खळ्यावर मळू नये, एवढी काळजी पुरेशी आहे. सरगुजा आणि अफगाणिस्तान या दोन्ही ठिकाणी पाऊस दडी मारून बसला होता. पीक हलके, तण जोरात, आणि हाती आलेले चार दाणे निवडत बसायला लोकांपाशी सवड नव्हती. माणदेशाला हे अधिक सांगायला नको.

कृष्णाकाठ (पलूस तालुका)

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण अहवाल भाऊजींच्या गाडीच्या डिकीत होता.

आधी माझी चूक सांगते. इको झाल्यावर भाऊजींनी मला फोनवर दाबाचा आकडा वाचून दाखवला आणि मी तेवढाच येथे लिहिला. काल अहवाल स्वतः वाचला. पहिल्या पानावरच, दाबाच्या आकड्याच्या वर, मायट्रल झडप जाड झाली असून तिचे तोंड १.१ चौरस सेंटिमीटर उरले आहे आणि डावीकडचा वरचा कप्पा मोठा झाला आहे, असे लिहिले आहे. डॉक्टरांनी केसपेपरवरही झडपेचे लिहिलेले होते. आम्ही सगळे तेलाच्या मागे लागलो आणि ते वाचलेच नाही.

जाऊबाईंना एकांतात विचारले. बारीक होण्याचे काही त्या घेत नाहीत, उलट त्या प्रश्नावर त्यांना हसू आले. पण चौथीत असताना आटपाडीला माहेरी त्यांचे गुडघे आणि घोटे पाळीपाळीने सुजले होते आणि दोन महिने त्या शाळेत गेल्या नव्हत्या. धाकट्या मुलाच्या वेळी सातव्या महिन्यात त्यांना असाच दम लागला होता आणि तेव्हा रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या. इओसिनोफिल तीन टक्के आहेत. पायांची सूज लाल किंवा कढत नाही. जुलाबही कधी झाले नाहीत.

श्वासमार्ग (कराड)

ताई, मग बहुतेक उलगडा झाला. निरोगी माणसात या झडपेचे तोंड चार ते सहा चौरस सेंटिमीटर असते. ते १.१ वर आले की फुप्फुसातून हृदयाकडे परतणारे रक्त दारात अडते, मागे तुंबते आणि फुप्फुसातल्या वाहिन्यांमधला दाब वाढतो. म्हणजे वाहिन्यांचा विकार आहे, पण त्याचे मूळ त्या वाहिन्यांत नसून त्यांच्या पुढच्या दारात आहे. चौथीतले सुजलेले सांधे ही संधिवाताच्या तापाची जुनी खूण दिसते. झडप तीस-तीस वर्षे हळूहळू आखडत जाते आणि गरोदरपणात रक्त वाढले की पहिल्यांदा बोलू लागते. तेलाची खरेदी आणि दम एकाच हंगामात आले, हा योगायोग समजावा.

फरक केवळ नावाचा नाही. विषामुळे रोहिण्या जाड झाल्या असतील तर आयुष्यभर औषधे घेऊन दाब आटोक्यात ठेवावा लागतो. झडपेचे मात्र पुष्कळदा मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन ते तोंड रुंद करता येते आणि दाब बराच खाली येतो. झडप त्यासाठी योग्य आहे का, कप्प्यात रक्ताची गुठळी आहे का, हे हृदयरोगतज्ज्ञ अन्ननलिकेतून इको करून पाहतील. नाडीचे ठोके अनियमित असतील तर पंधरा दिवस थांबू नका, उद्याच जा. जाताना चौथीतल्या आजाराची हकिगत त्यांना जरूर सांगा. ती कोणत्याही अहवालात नसते.

कृष्णाकाठ (पलूस तालुका)

नाडी मी स्वतः मोजली. मध्येच एखादा ठोका चुकतो असे वाटले, म्हणून उद्या सकाळच्या पहिल्या एस.टी.ने मिरजेला निघतो आहोत. तेलपारखी काकांनी सांगितल्याप्रमाणे एक बाटली भरून, लाख लावून, तारीख लिहून ठेवली आहे. लाख घरात नव्हती, टपाल कचेरीतून मागून आणली. उरलेला डबा घेऊन मामंजी सोमवारी अन्न प्रशासनाच्या कचेरीत जाणार आहेत. तेल वापरायचे नाही, हे सासूबाईंनी मान्य केले आहे, मात्र रिकामा डबा परत आणायचा असे त्यांनी मामंजींना दोनदा बजावले आहे.